औषधांना न जुमानणाऱ्या संसर्गावर कल्चर आणि महागडी इंजेक्शने यांचा खर्च परवडतो का?

आपल्या आईंना लघवीच्या संसर्गावर तीनदा गोळ्या देऊनही गुण आला नाही आणि आता डॉक्टरांनी आधी कल्चर (लघवीतला जंतू वाढवून त्याला कोणते औषध लागू पडते ते पाहण्याची तपासणी) व मग महागडी इंजेक्शने सांगितली आहेत, तर हा खर्च कारणी लागेल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. निपाणीत माझे औषधांचे दुकान आहे. माझ्या मते कल्चरचे पैसे मुळीच वाचवू नयेत, आणि इंजेक्शनाचा हिशेब कुपीच्या किमतीवर न करता दुखणे पुरते बरे होईपर्यंतच्या एकूण खर्चावर करावा.

आमच्या थोरल्या काकांना, अण्णांना, हेच झाले होते. सिफिक्झिम या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटे, पुन्हा थंडी वाजून ताप येई, पुन्हा नवी चिठ्ठी. गोळ्या स्वस्त होत्या, पण प्रत्येक खेपेला दवाखान्याची फी, रक्त-लघवीची तपासणी, चिकोडीपर्यंतचे बसभाडे आणि सोबत जाणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज धरला, तर तीन स्वस्त उपचार एका महागड्या उपचाराच्या वर गेले. शेवटी कल्चर केले. दोन-तीन दिवसांनी आलेल्या कागदावर ई. कोलाय हा जंतू होता, सिफिक्झिमपुढे 'आर', म्हणजे निरुपयोगी, आणि मेरोपेनेम व एर्टापेनेम या महागड्या इंजेक्शनांपुढे 'एस', म्हणजे लागू. मेरोपेनेम साधारणतः दर आठ तासांनी द्यावे लागते, म्हणजे बेळगाव किंवा कोल्हापूरला दाखल होणे आलेच. एर्टापेनेम मात्र दिवसातून एकदा पुरते. डॉक्टरांनी तेच निवडले, त्यामुळे अण्णा रोज सकाळी जवळच्या दवाखान्यात सलाईनमधून ते इंजेक्शन घेऊन घरी येत. कुपी महाग पडली, पण खाटेचे भाडे वाचले.

आईंच्या अहवालात नायट्रोफ्युरँटॉइन या पोटात घ्यायच्या स्वस्त औषधापुढे 'एस' दिसल्यास स्वस्तात सुटलो असे लगेच समजू नका. ते मूत्राशयापुरते उत्तम आहे, पण ताप व कमरेत दुखणे असून संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असेल तर त्याचा उपयोग होत नाही. उलट काहीच त्रास नसताना, विशेषतः नळी घातलेल्या वृद्धांच्या लघवीत, नुसते जंतू सापडले म्हणून प्रतिजैविक देणे हा मला सर्वांत व्यर्थ खर्च वाटतो; गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया वगळता त्याची गरज सहसा नसते.

एक खर्च मात्र कुठल्याच बिलावर येत नाही. 2014 पासून सिफिक्झिमसारखी औषधे सरकारच्या एच-वन या निर्बंधित औषधांच्या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दिल्यावर वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. तरीही "दोनच गोळ्या द्या, तेवढ्यानं भागतंय" म्हणणारे गिऱ्हाईक रोज येते, आणि नाही म्हटले की पलीकडच्या दुकानात जाते. त्या दोन गोळ्यांतून तगलेल्या जंतूंची किंमत पुढे दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी वसूल होते.

आता कल्चर करणारच असाल तर नमुना नव्या औषधाच्या पहिल्या डोसाआधी द्या, आधीच्या तिन्ही चिठ्ठ्या डॉक्टरांना दाखवा, आणि लघवी घरून बाटलीत भरून नेण्याऐवजी प्रयोगशाळेतच, सुरुवातीची धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत द्या. उन्हातून दोन-तीन तास बसमध्ये आलेल्या नमुन्यात जंतू वाटेतच वाढतात, अहवाल फसवा येतो आणि तपासणीचे पैसे पुन्हा भरावे लागतात.