होडी गळते म्हणून लगेच पुट्टी भरू नका

तुम्ही विचारलंय की कोकणातून आणलेली चौदा फुटी शिडाची लाकडी होडी पैठणजवळच्या शेतात दोन वर्षं उघड्यावर पडून होती, आता नाथसागरात घातली तर अर्ध्या तासात घोटाभर पाणी भरतं, डोलकाठीच्या बुडाशी लाकूडही भुसभुशीत झालंय. इपॉक्सी पुट्टी (दोन भाग मिसळून कडक होणारी) भरू का?

आत्ता नको. आमचं घराणं बैलगाड्या करणाऱ्या सुतारांचं. उन्हाळ्यात चाकाची धाव (लोखंडी पट्टी) सैल झाली, आरे खुळखुळायला लागले की लोक गाडी ओढ्यात उभी करायचे. लाकूड पाणी पिऊन फुगतं, चाक पुन्हा घट्ट. तुमच्या होडीचंही तेच झालंय. मराठवाड्यातल्या दोन उन्हाळ्यांनी फळ्या आक्रसल्यात. काठाला गुडघाभर पाण्यात बांधून ठेवा, आत ओली गोणपाटं अंथरा. तीन-चार दिवसांत निम्म्या फटी आपोआप मिटतील.

मी एकदा घाई केली होती. ऐन मे महिन्यात एका होडीच्या कोरड्या फटींत कडक पुट्टी ठासून भरली. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगल्या, त्यांना सरकायला जागाच नाही. आतली बरगडी काडकन तडकली. मालक माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

भिजवूनही गळती राहिली तर होडी बाहेर काढा, बुडाखाली नीट टेकू द्या आणि आत चार बोटं पाणी ओता. बाहेरून जिथं थेंब धरेल तिथं खडूनं खूण करा. काठोकाठ भरू नका, त्या वजनानं कणाच (बुडाचं मधलं लांब लाकूड) मोडायचा. खुणेच्या फटी खरवडा, कापसाची सैलसर वात (देवापुढच्या फुलवातीपेक्षा लांब, एवढाच फरक) हलक्या हातानं ठोका आणि वरून जवसाच्या तेलात मळलेली खडूची लांबी, म्हणजे मऊ पुट्टी, भरा. ती मऊ राहते, फळीबरोबर दबते.

उभ्या होडीत थेंब येत नाही, पण शीड चढवल्यावर पाणी येतं, असं असेल तर दुखणं वेगळं. वारा भरला की डोलकाठी बुडाला खाली दाबते आणि तिचे दोर दोन्ही कडा वर ओढतात, त्यामुळे कण्यालगतची फट उघडते. एकाच अंगाला कलल्यावर गळत असेल तर त्या बाजूच्या वरच्या फळ्या बघा. त्या एरवी पाण्याबाहेर असतात, म्हणून कोरड्याच राहिलेल्या.

आता भुसभुशीत लाकूड. समुद्राचं मीठ बुरशीला आवरून धरतं, गोडं पाणी तसं करत नाही. पावसाचं पाणी डोलकाठीच्या खाचेत साचलं आणि तिथूनच कुजायला लागलं. आरी (चांभाराचा टोच्या) टोचत चला. ती लोण्यासारखी शिरते तिथं कुजलंय, अडते तिथं लाकूड शाबूत. तेवढंच कोरून वर काही थापू नका. शाबूत लाकडात वीतभर पुढं जाऊन कापा. नवा तुकडा सागाचाच घ्या. सांधा सरळ नको, तिरका हवा: फळी एक इंच जाड तर उतार आठ इंचांचा. इपॉक्सीचं काम इथं, पण लाकूड पुरतं वाळल्यावरच. ओल्यावर ती धरत नाही. घरातला साधा फेविकॉल तर अजिबात नको. डोलकाठीच्या खाचेला एक बारीक भोक ठेवा, पाणी होडीच्या तळात निथळायला.

खिळे तांब्याचे असतील तर तांब्याचेच मारा. लोखंडी असतील आणि भोवतीचं लाकूड काळं पडलं असेल, तर फळी वरून चांगली दिसली तरी खिळ्यानं पकड सोडलेली असते. बुडाचा फोटो टाका, खिळ्यांची डोकी दिसतील असा. मग पुढचं सांगतो.