सेरेमनीला गेले तर ऑपेरा परत घेईल का?

पत्र थोडक्यात असं आहे. वय 33, बरीच वर्षं ऑपेरा हाउसमधे असिस्टंट डिरेक्टर, आता रिव्हायव्हल्स करते, म्हणजे दुसऱ्याने बसवलेली जुनी प्रोडक्शन्स पुन्हा उभी करते, स्वतःच्या नावावर एकही प्रोडक्शन नाही. एका मोठ्या क्रीडास्पर्धेच्या ओपनिंग सेरेमनीची ऑफर आलीये, चौदा महिने, तीन हजार माणसांची मास कास्ट सांभाळायची, पैसे आत्तापेक्षा कितीतरी बरे. जुने सर म्हणतात, एकदा त्या झगमगाटात गेलीस की ऑपेरावाले दारात उभं करणार नाहीत. नवरा म्हणतो, निदान वर्षभर एका शहरात तरी राहशील. मागच्या महिन्यात तिने उभं केलेलं एक रिव्हायव्हल छान झालं आणि बाहेर पडताना लोक मूळ डिरेक्टरचं कौतुक करत होते, तो तर रिहर्सललाही आला नव्हता, आणि ती घरी जाऊन रडली. काय करू, असं विचारलंय.

अगं, आधी त्या रडण्याबद्दल बोलते कारण पत्रात तू ते एका ओळीत उरकलंयस आणि मला वाटतं खरं पत्र तेच आहे. रिव्हायव्हल म्हणजे काय असतं हे बाहेरच्यांना खरंच माहीत नसतं. एका पानावर स्कोर म्हणजे लिहिलेलं संगीत, समोरच्या पानावर पेन्सिलीने काढलेले बाण, संगीताच्या कुठल्या मात्रागटाला कोण कुठून कुठे जातो, आणि एक जुना व्हिडिओ, बास. त्यात नवा टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा गायक, येतो, त्याचा गुडघा दुखतोय म्हणून तो जिन्यावर गुडघे टेकणार नाही, आवाज राखायचा म्हणून रिहर्सलला अर्ध्या आवाजातच गातो, हातात मोजके दिवस, आणि तरी प्रेक्षकांना ते कालच सुचल्यासारखं ताजं वाटलं पाहिजे. हे तू करतेस. तुला हे काम येतं का हा प्रश्नच नाहीये, आणि वाईट वाटलं तर त्यात काही कोतेपणा नाही.

आता सरांची भीती. त्यांच्या काळात कदाचित खरी असेल, पण गेली तीसेक वर्षं लोक दोन्हीकडून ये-जा करतायत. ला फुरा देल्स बाउस हा नाटकवाल्यांचा ग्रुप 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या ओपनिंगमधे होता आणि त्यानंतर ऑपेराकडे आला, पुढे वालेन्सियात वाग्नरचं अख्खं 'रिंग', म्हणजे चार ऑपेरांची मालिका, केलं. सिनेमावाल्या झांग यिमोने 1997 ला फ्लॉरेन्समधे 'तुरांदोत' हा ऑपेरा केला, पुढच्या वर्षी तोच बीजिंगच्या फॉरबिडन सिटीत, आणि मग 2008 ची ऑलिंपिक सेरेमनी. दानिएले फिन्झी पास्काने सर्कस केली, 2006 ला तोरिनो विंटर ऑलिंपिकची क्लोजिंग केली, आणि त्यानंतर लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराने त्याला बोलावलं. आणि ऑपेरा स्वतः तरी कुठे लहान आहे, वेरोनाच्या रोमन अरीनात 1913 पासून 'आईदा' होतोय, ऑस्ट्रियात ब्रेगेन्झला तळ्यातल्या स्टेजसमोर सात हजारांच्या आसपास लोक बसतात.

तू म्हणशील ही सगळी आधीच नाव झालेली माणसं, माझं काय. बरोबर आहे तुझं, आणि माझी काळजी नेमकी तिथेच आहे. दार बंद होईल याची मला भीती नाही, पण तिकडे जाऊनही तू पुन्हा दोन नंबरलाच राहशील याची आहे. सेरेमनीत नाव एकाचंच होतं, बाकी शेकडो लोक मागे असतात. त्यात गुप्ततेचा करार, म्हणजे रिहर्सलचं साधं फुटेजही कुणाला दाखवता येत नाही. चौदा महिन्यांनी तू बाहेर येशील तेव्हा बँकेत पैसे असतील आणि एखाद्या इंटेंडंटने, म्हणजे ऑपेरा हाउसच्या प्रमुखाने, विचारलं की यात तुझं काय, तर पुन्हा तेच, मी अमक्याला असिस्ट केलं.

कामातला फरकही नीट समजून घे. ऑपेरात कंडक्टर गायकाच्या श्वासासाठी थांबतो, सोप्रानो गायिकेने एखादा सूर जरा जास्त धरला तर सगळं ऑर्केस्ट्रा तिच्याबरोबर थांबतं, आणि तुझं सगळं स्टेजिंग त्या थांबण्यावर उभं असतं. स्टेडियममधे टाइमकोड, म्हणजे सगळं ज्यावर चालतं ते सेकंदाचं घड्याळ, कुणासाठी थांबत नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे दीडशे मीटर लांब उभ्या असलेल्या माणसाला स्पीकरचं संगीत जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा ऐकू येतं, त्याने ते ऐकून पाऊल टाकलं की रांग फुटलीच. म्हणून कानात इन-इअर, जमिनीवर नंबरांची ग्रिड, अंगावर नंबराचं बिब, आणि कुणीतरी सतत कानात मोजतंय. बहुतेक जण व्हॉलंटिअर, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी पार्किंग लॉटमधे पावसात रिहर्सलला आलेले. त्यांना पात्राची मनोवस्था समजावत बसायला वेळ नसतो, एका वाक्यात सांगावं लागतं आणि तेही असं की तीन हजारांना एकदम कळेल. हे शिकण्यासारखं आहे गं, खूप. चाळीस जणांच्या कोरसला हलवताना जन्मभर उपयोगी पडेल. पण श्वास ऐकणारा तुझा कान वर्षभर वापराविना पडून राहील, तो तुला वेगळा जपावा लागेल.

आणि मोठ्या यंत्रांनी भुलून जाऊ नकोस. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात डिरेक्टर रोबेर लपाजचं 'रिंग' 2010 ला सुरू झालं, 45 टनांचा सेट, आणि पहिल्याच रात्री शेवटी देवांनी पुलावरून वल्हालात, म्हणजे त्यांच्या महालात, जायचं तर तो सेट हललाच नाही. असं कुणाचंही होऊ शकतं, पण अशा वेळी प्रेक्षकांना धरून ठेवतात ती स्टेजवरची माणसं.

माझं मत विचारशील तर जा. पण आत्ता आलीये त्या ऑफरवर नाही. मास कास्ट सांभाळणं ही जबाबदारी आहे, डिरेक्शन नाही. एक सेगमेंट, म्हणजे सेरेमनीचा एक भाग माग, तीन-चार मिनिटांचा का असेना, ज्याची कल्पना तुझी नसली तरी मांडणी तुझी असेल आणि क्रेडिटमधे सेगमेंट डिरेक्टर म्हणून तुझं नाव येईल. सेरेमनी झाल्यावर त्या सेगमेंटचा व्हिडिओ पोर्टफोलिओत वापरायची परवानगी कॉन्ट्रॅक्टमधेच लिहून घे, नंतर तोंडी कुणी देत नाही.

दुसरं, पत्राच्या शेवटी तू ओझरता उल्लेख केलायस की डिझायनर मैत्रिणीबरोबर मेनोत्तीच्या 'द टेलिफोन'च्या सेटचं मॉडेल बनवून ठेवलंय. अगं, मग ते कपाटात का आहे? दोन गायक, अर्ध्या तासाच्या आतला ऑपेरा, याहून सोपी सुरुवात कुठली मिळणार? कॉन्ट्रॅक्टमधे चार आठवड्यांची सलग सुट्टी माग, सेरेमनीच्या शेवटच्या तीन महिन्यांत देणार नाहीत, सुरुवातीला देतील, आणि येणाऱ्या पैशातला थोडा त्यात घाल. युरोपियन ऑपेरा डायरेक्टिंग प्राइझसारख्या स्पर्धांमधे डिरेक्टर आणि डिझायनरची टीमच लागते, तुमची तर तयार आहे. फक्त वयाची अट आधी तपास, 33 म्हणजे फार वेळ हातात नाहीये.

नवऱ्याचं म्हणणं मला पटतं, पण त्याला हेही आत्ताच सांगून ठेव की शेवटच्या दोन महिन्यांत तू त्याच शहरात असूनही घरी दिसणार नाहीस. आणि सरांना भांडून सोडू नकोस, 'टेलिफोन'च्या रिहर्सलला बोलाव, येतील.

ऑफरला उत्तर द्यायला आठवडा आहे म्हणालीस. उद्याच मेल कर, सेगमेंट, क्रेडिट, व्हिडिओ आणि चार आठवडे, चारही गोष्टी एकाच मेलमधे, उत्तर लेखी माग. सेगमेंट आणि क्रेडिटला नाही म्हणाले तर ऑफर सोड, बाकी दोनवर थोडं मागेपुढे झालं तरी चालेल. काय उत्तर आलं ते मला कळव.