वाळवी बघायला कोणाला बोलवावं?

प्रश्न : चिपळूणजवळ जुनं कौलारू घर घेतोय. वाळवी तपासायला घरमालकच त्यांचा माणूस आणतायत. चालेल का?

उत्तर : नको हो! माणूस तुमचा, पैसेही तुमचेच. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आधी बघायला मागा. मग तो काय करतो ते बघत बसा. माझ्या घराच्या वेळी पहिला आला तो ओटीवरूनच फवारणीचा दर सांगून गेला. दुसरा माळ्यावर चढला, वासे ठोकले, स्क्रूड्रायव्हर टोचला. न्हाणीघराची चौकट तर पार पोकळ निघाली. (वर ऑइलपेंट चकचकीत!) लाकडाची पूड गळत असेल तर भुंगेरा, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, हेही त्यानेच दाखवलं. अहवाल लेखी घ्या, आणि तो इसार देण्याआधी.