क्रेडिट कार्डनं पैसे देताना दुकानदार दोन टक्के जास्त मागतो, द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की लातूरला ४० हजारांत फ्रिज ठरला आणि क्रेडिट कार्ड काढल्याबरोबर दुकानदार म्हणाला, "कार्डाला दोन टक्के वरून लागतील." मी परभणीत घरगुती उपकरणांचंच दुकान चालवतो, म्हणजे गल्ल्याच्या पलीकडचा माणूस. तरी सांगतो, नका देऊ. निदान तो मागतो तसे तरी नका देऊ.

पण तो खर्च खोटा नाही, हेही ऐका. कार्ड घासलं की मशीन देणारी बँक आपला वाटा कापूनच उरलेली रक्कम आमच्या खात्यात टाकते. या कपातीला एमडीआर (मर्चंट डिस्काउंट रेट) म्हणतात. त्यातला मोठा हिस्सा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. तुमचे रिवॉर्ड पॉइंट आणि महिना-दीड महिन्याची बिनव्याजी उधारी यांचा खर्च बराचसा इथूनच निघतो. दोन टक्के धरले तर ४० हजारांवर ८०० रुपये, त्या ८०० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १४४, एकूण ९४४. ऑनलाइनच्या भावाशी झुंजताना फ्रिज-टीव्हीत मार्जिन इतकं बारीक झालंय की हे ९४४ टोचतात. मात्र नेहमीच्या पद्धतीनं जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला त्यातले १४४ इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा करून, वळते करून घेता येतात. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. म्हणजे "जीएसटी धरून अडीच टक्के" म्हणणारा तेवढे पैसे दोनदा वसूल करतो. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठोक दरानं जीएसटी भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला, ही सोय नाही, त्याचं रडणं खरं असतं.

आता नियम. डेबिट कार्डावर असा चार्ज घेणं चूक आहे आणि घेणाऱ्या दुकानाशी बँकेनं व्यवहार तोडावा, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बजावलंय. (शून्य टक्के व्याजाच्या ईएमआय योजनांनाही तेव्हाच फटकारलं होतं. त्या योजना आजही नाव बदलून जोरात चालतात.) रूपे डेबिट आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआरच शून्य आहे. तिथे कुणी चार्ज मागितला तर सरळ नाही म्हणा. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला मात्र रिझर्व्ह बँकेनं कमाल मर्यादा घातलेली नाही, आणि सगळी ओढाताण तिथेच होते. तरी मशीन घेताना आम्ही बँकेच्या ज्या करारावर सही करतो, त्यात हा खर्च गिऱ्हाइकावर टाकायचा नाही असं कलम सहसा असतं. वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा.

छापील एमआरपीनं विकल्या जाणाऱ्या मालावर, म्हणजे औषधं, किराणा, चार्जर वगैरे, असा चार्ज लावला तर ती एमआरपीपेक्षा जास्त किमतीची विक्री होते. ती तक्रार वैधमापन विभागाकडे (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे) जाते. फ्रिज मुळात एमआरपीच्या खालीच विकला जातो, म्हणून तिथे हा मुद्दा चालत नाही.

तिथे दुसरा उपाय आहे. शांतपणे म्हणा, "देतो दोन टक्के, पण पक्क्या बिलात वेगळी ओळ टाकून द्या." बहुतेक जण इथेच मऊ पडतात. बिलात आलेली रक्कम विक्रीच्या किमतीत धरली जाते, तिच्यावर जीएसटी भरावा लागतो, आणि बँकेच्या कराराविरुद्धचा पुरावाही आपल्याच हातानं लिहून दिल्यासारखं होतं. तरीही तो अडून बसला तर बिल आणि कार्डाची स्लिप जपून ठेवा. मशीन कुठल्या बँकेचं आहे ते बहुधा स्लिपवर छापलेलं असतं, तक्रार त्या बँकेकडे करा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

दुकानदाराच्या बाजूनं एकच सांगतो. लग्नसराईत गिऱ्हाईक तासभर घासाघीस करून रोखीचा शेवटचा भाव काढून घेतं आणि मग हळूच कार्ड पुढे करतं. तेव्हा समोरच्याचं तोंड कडू होणारच. मी पोरांना सांगून ठेवलंय, भाव सांगायच्या आधी "पैसे कसे देणार?" विचारा. रोखीला सूट देण्यात काही गैर नाही, गैर आहे ते ठरलेल्या भावावर नंतर चढवणं. हल्ली क्यूआर स्कॅन करणाऱ्यालाही "खात्यातून का क्रेडिटवरून?" विचारतात, कारण रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दोन हजारांच्या वर पैसे दिले की कपात आमच्या अंगावर येते.

तुमच्या फ्रिजचं म्हणाल तर आधी कार्डावर किती पॉइंट मिळतात ते बघा. शेकडा एक रुपया परत मिळवायला शेकडा दोन मोजण्यात काय हशील? पैसे खात्यात असतील तर ४० हजार यूपीआयनं सहज जातात. हप्तेच पाडायचे असतील, तर कार्ड खिशातून काढायच्या आधी भाव पुन्हा बोलून घ्या.