इच्छामरण: इच्छा कुणाची?

प्रश्न असा आहे: ‘इच्छामरण’ आणि ‘दयामरण’ हे एकच का? आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे पुढे बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मराठीत काय म्हणावं?

एक नाहीत. समास सोडवून पाहा. इच्छामरण म्हणजे स्वतःच्या इच्छेनुसार आलेलं मरण, दयामरण म्हणजे दयेपोटी दिलेलं मरण. इच्छा मरणाऱ्याची असते, दया दुसऱ्याची.

इच्छामरण म्हटलं की भीष्म आठवतात. महाभारतात त्यासाठी ‘स्वच्छंदमरण’ असा शब्द येतो. पण भीष्मांनी तो वर मरण थोपवून धरायला वापरला. शरपंजरी पडून ते उत्तरायणाची वाट पाहत राहिले.

परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल मात्र ‘इच्छामरण’ हा शब्द सर्रास वापरला गेला, आणि तो मला आजही खुपतो. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला. २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच होत्या. त्यांची इच्छा काय, हे सांगायची शक्तीच त्यांच्यात उरली नव्हती. त्यांना मरू द्यावं, ही याचिका लेखिका पिंकी विराणी यांची. तिथल्या परिचारिकांना अरुणाताईंना सांभाळायचं होतं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. माया दोन्हीकडे होती, पण वाद दयामरणाचा होता.

स्वित्झर्लंडमध्ये रुग्ण दिलेलं औषध स्वतःच्या हाताने घेतो. त्याला ‘साहाय्यित मृत्यू’ म्हणावं. भारतात याला परवानगी नाही, आणि डॉक्टरने इंजेक्शन देऊन जीवन संपवण्यालाही नाही.

आता लिव्हिंग विल. ‘मृत्युपत्र’ इथे चालणार नाही, कारण ते लागू होतं माणूस गेल्यावर. हा कागद लागतो तो माणूस जिवंत असताना, पण बोलू शकत नसताना. नुसतं ‘इच्छापत्र’ म्हटलं तर वाचणाऱ्याला घर-जमिनीच्या वाटण्या आठवतील. म्हणून ‘वैद्यकीय इच्छापत्र’. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं की पुरतं.

त्यात मरण मागितलेलं नसतं. बरं होण्याची आशा संपल्यावर कोणते उपचार नकोत, एवढंच लिहिलेलं असतं. आपल्याकडची म्हातारी माणसं हेच सांगत आली आहेत: “मला नळ्या लावून ठेवू नका रे.”