तिमाहीचे 45 डॉलर

प्रश्न : ताई, मी 71 वर्षांचा, न्यू जर्सीत मुलाकडे राहतो. माझ्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅनच्या (अमेरिकेतल्या ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, खासगी कंपनीमार्फत) कार्डावर ओटीसी, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वस्तूंसाठी दर तिमाहीला 45 डॉलर येतात. मार्चअखेर घाईघाईत काहीबाही उचललं, तरी 19 डॉलर बुडाले. मधुमेह आहे, गुडघे दुखतात. हे पैसे पुरवायचे कसे?

उत्तर : काका, 19 डॉलर गेले हे वाचून हळहळ वाटली. बऱ्याच प्लॅनांत शिल्लक पुढच्या तिमाहीत जात नाही, म्हणून खरेदी पहिल्याच आठवड्यात उरकत जा.

मधुमेहाचं लिहिलंत म्हणून विचारते, साखर तपासायच्या पट्ट्या या पैशांतून घेता का? घेत असाल तर आजच थांबवा. डॉक्टरांनी लिहून दिलं की मशीन, पट्ट्या आणि लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे डॉक्टरांकडचे उपचार आणि साहित्य यांच्या भागात येतात. ॲडव्हान्टेज प्लॅनलाही ते द्यावंच लागतं. थोडा वाटा तुम्हाला भरावा लागेल, इतकंच. फार्मसीच्या काउंटरमागे मी 22 वर्षं उभी होते. कार्ड पट्ट्यांवर संपवून टूथपेस्ट आणि बँडेज खिशातून घेणारी माणसं पाहिली, की जीव तुटायचा. दुसरीकडून मिळतं त्यावर हे 45 डॉलर घालवायचे नाहीत.

गुडघ्यांसाठी टायलेनॉलऐवजी दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं ॲसिटामिनोफेन (आपलं पॅरासिटामॉल) घ्या. डब्यामागच्या 'ड्रग फॅक्ट्स'मध्ये औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळले की झालं. मात्र सर्दीच्या अनेक औषधांतही हेच असतं. सगळं मिळून दिवसाला 4,000 मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. तुमच्यासाठी मर्यादा त्याहून कमी हवी का, ते डॉक्टरांना विचारा. आयबुप्रोफेनने रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. मधुमेह असताना ते आपल्या मनाने घेऊ नका. आणि नावापुढे 'पीएम' असलेल्या गोळ्या घरात आणूच नका. त्यांत बहुधा डायफेनहायड्रामिन हे झोप आणणारं औषध असतं. त्याने या वयात गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो. माझ्या वडिलांच्या कपाटातून मी ती बाटली स्वतः काढून टाकली होती.

प्लॅनच्या कॅटलॉगमधला भाव आणि दुकानातला भाव ताडून बघा. कार्ड फक्त तुमच्यासाठी आहे, सूनबाईंचं औषध त्यात घेता येत नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत प्लॅनचं बदलांचं पत्र येईल. प्लॅन बदलायची मुदत 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर. कुणी दुप्पट ओटीसीचं आमिष दाखवलं, तरी तुमचे डॉक्टर आणि मधुमेहाच्या गोळ्या त्या प्लॅनमध्ये आहेत का, हे आधी फोन करून विचारा.