वाचकांचे प्रश्न : अ‍ॅक्सोलोटलच्या कल्ल्यांवर कापूस दिसू लागला तर

प्रश्न : जानेवारीपासून आमच्याकडे एक अ‍ॅक्सोलोटल आहे. हिवाळ्यात तो गांडुळे आवडीने खात असे. एप्रिल लागल्यापासून त्याने खाणे जवळजवळ सोडले आहे. कल्ले पुढच्या बाजूला वळले आहेत, शेपटीचे टोक मुडपलेले असते आणि आता एका कल्ल्यावर कापसासारखे पांढरे काही दिसते. दुकानदाराने माशांच्या बुरशीवरचे मॅलाकाइट ग्रीन हे औषध दिले आहे. दुपारी पाणी तापले की आम्ही त्यात बर्फाचे खडे टाकतो. औषध सुरू करावे का? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : हे औषध कृपया टाकू नये. अ‍ॅक्सोलोटल मासा नसून सॅलॅमँडर गटातला उभयचर आहे आणि त्याची उघडी, ओलसर त्वचा पाण्यातले द्रव्य सहज शोषून घेते. त्यामुळे मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन किंवा तांबेयुक्त औषधे माशांना सोसली तरी त्याच्या जिवावर बेतू शकतात. औषध टाकून झालेच असेल, तर त्याला लगेच स्वच्छ पाण्यात हलवावे.

आपण सांगितलेली लक्षणे एकत्र वाचली, की संशय आधी पाण्यावरच जातो. हा प्राणी मूळचा समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीजवळील सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवते. २४ अंशांच्या पुढे त्याच्या शरीरावर ताण येऊ लागतो. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद खोलीतल्या टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, त्याच वेळी प्राण्याची प्राणवायूची गरज मात्र वाढते आणि विष्ठेतून तयार होणारा अमोनिया अधिक विषारी ठरतो. अशा खंगलेल्या शरीरावर बुरशी बसते. म्हणून केवळ बुरशी मारली आणि पाणी तसेच ठेवले, तर ती पुन्हा येणारच.

आजच दोन गोष्टी कराव्यात : टाकीत थर्मामीटर सोडावा आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत, नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आत असलेले बरे. अमोनिया किंवा नायट्राइट दिसले, तर टाकीतले, अमोनिया व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे उपकारक जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नाहीत किंवा ते मेले आहेत, असे समजावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला तरीही ते मरतात. कल्ले पुढे वळण्याचे आणखी एक साधे कारण म्हणजे फिल्टरचा जोरदार प्रवाह. फिल्टर थोडा वेळ बंद केल्यावर कल्ले सैल पडले, तर प्रवाह कमी करावा.

तोवर त्याला झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात वेगळे ठेवावे. हवेसाठी झाकणाला भोके असावीत. पाणी पाठ पूर्ण बुडेल इतके असावे. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते क्लोरीननाशक द्रावणाने काढून, जुन्या पाण्याच्याच तापमानाला आणून दररोज संपूर्ण बदलावे. डब्यावर गडद कापड टाकावे, कारण पापण्या नसल्याने त्याला उजेड टाळता येत नाही. मग पांढऱ्या भागाकडे नीट पाहावे. पाण्यात लहरणारे मऊ तंतू बुरशीकडे बोट दाखवतात. पण उष्ण पाण्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचा संसर्गही हुबेहूब असाच दिसतो आणि त्याची खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. सौम्य बुरशीसाठी एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे आयोडीनविरहित मत्स्यालयाचे मीठ विरघळवून त्यात दहा मिनिटे, दिवसातून एक-दोनदा, मोजके दिवस ठेवता येते. प्राणी धडपडू लागला तर लगेच बाहेर काढावे. ही वेळ वाढवू नये, मिठाने कल्ले भाजतात.

बर्फाचे खडे थांबवावेत. त्यांनी तापमान झपाट्याने खाली-वर होते आणि नळाच्या पाण्याचा बर्फ असेल तर क्लोरीनही येते. त्यापेक्षा बंद बाटलीत गोठवलेले पाणी तरंगत ठेवून तापमान हळूहळू उतरवावे. पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश उतरते. आपल्याकडे उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने कूलरप्रमाणेच हा उपाय चांगला लागू पडतो, मात्र पावसाळ्यातल्या दमट हवेत तो जवळजवळ निकामी होतो. नवतपा, म्हणजे मेअखेरीचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, निभावायचा असेल, तर चिलरला, म्हणजे टाकीचे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. तो घेणे शक्य नसेल, तर नागपुरात हा प्राणी पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाकीच्या तळाशी गोटे आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. हा प्राणी भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढून घेतो आणि त्याबरोबर खडेही गिळतो. पोट फुगून तो तरंगत राहिला व शौच थांबले, तर एक्स-रे काढावा लागतो. डोक्याहून लहान खडे काढून तळ मोकळाच ठेवावा.

तीन-चार दिवसांत कापूस पसरला, त्वचेवर लालसर डाग किंवा जखमा दिसल्या, अथवा तो उलटा तरंगू लागला, तर घरगुती उपाय थांबवून उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. सेमिनरी हिल्स भागातील पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशा तज्ज्ञाबद्दल विचारणा करता येईल. सकाळी लवकर निघावे, कापडात गुंडाळलेली थंड बाटली डब्याशेजारी ठेवावी आणि मूळ टाकीतले पाणी वेगळ्या बाटलीत सोबत न्यावे.

प्रश्न : दोन लहान अ‍ॅक्सोलोटल एकत्र ठेवले होते. एकाने दुसऱ्याचा पाय तोडला. मलम लावावे का? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : मलम लावू नये. दोघांना आजच वेगळे करावे. लहान वयात ते हलणारी कोणतीही गोष्ट चावतात. स्वच्छ, थंड पाणी आणि पोटभर आहार मिळाला, तर हाडासकट संपूर्ण पाय पुन्हा उगवतो. त्याला लहान वयात साधारण दीड-दोन महिने लागतात, प्रौढांत अधिक. आधी तिथे बारीकसा कोंब दिसेल आणि मग बोटे फुटतील. जखमेवर पांढरे तंतू आले, तरच वर सांगितलेला मिठाचा उपाय करावा.